शिवारातली रेंज आणि हवेचा हर्रास

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, पीक विमा आहे, थकलेली वीजबिले आहेत. त्या यादीत आम्ही 'रेंज' हा विषय घालायला लावला तेव्हा काही कार्यकर्ते हसले. म्हणाले, हा काय शेतकऱ्याचा प्रश्न झाला? पोरे रात्र रात्र मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, रेंज गेलेली बरी!

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. जरा हिशेब मांडून पाहू.

२०२१ सालापासून सातबारावर पीक चढवायचे तर ई-पीक पाहणी करावी लागते. पूर्वी तलाठ्याने बांधावर यायचे असे कायदा म्हणत होता. तो येत नव्हता हे तुम्हालाही ठाऊक आणि त्यालाही ठाऊक. आता ते काम आपल्यावर आले. मोबाईल आपला, पैसे आपले, पायपीट आपली. फोटो शेतात उभे राहून काढायचा आणि रेंज सापडेल तिथे जाऊन चढवायचा. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर आधी नोंदणी. विमा, पीककर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, सगळीकडे मोबाईलवर आकडा येणार, तो आकडा चार-दहा मिनिटे जिवंत राहणार, आणि तेवढ्या वेळात तुम्ही तो भरला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. गाव खोऱ्यात, रेंज टेकडीवर. टेकडीवरून उतरेपर्यंत आकडा मेलेला.

म्हणजे बाजाराचे फाटक आता मोबाईलमध्ये गेले आहे. फाटक म्हटले की तिथे कोणीतरी उभा राहतो आणि वसुली करतो. बाजार समितीच्या फाटकावर कोण उभे राहतो, मापात काय मारतो, अडत किती कापतो यावर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. मग या नव्या फाटकावर कोण उभा आहे, त्याच्याखेरीज दुसऱ्याला तिथे उभे राहू देतात की नाही, हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे.

कंपनी शिवारात का येत नाही

मोठी कंपनी आपल्या शिवारात येत नाही. यात तिचा आपल्याशी काही दावा नाही. उत्पादन खर्च काढून भाव मागणारे आपण, दुसऱ्याने खर्च काढला म्हणून रागावण्याचे कारण नाही. एका टॉवरला जमीन, लोखंड, वीज, बॅटऱ्या, डिझेल, राखणदार हा खर्च शहरात आणि खेड्यात जवळपास सारखाच. शहरात त्या टॉवरच्या छायेत हजारो गिऱ्हाइके. आपल्याकडे चार वाड्या, दोन तांडे आणि बाकी सगळी पऱ्हाटी. पऱ्हाटी काही रिचार्ज मारत नाही. तेव्हा कंपनी हमरस्त्याच्या कडेने टॉवर लावते, आणि आत सात-आठ किलोमीटरवर जे गाव आहे त्याला देवाच्या भरवशावर सोडते.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. एसटी ज्या फाट्यावरून वळत नाही तिथून आत काळी-पिवळी जीप जाते. एसटीला जो रस्ता तोट्याचा, तोच जीपवाल्याला पोटापाण्याचा. त्याला डेपो नाही, मुख्यालय नाही, साहेब नाही. गाडी तोच हाकतो, तोच पुसतो. शंभर-दीडशे घरांवर त्याचे भागते.

इंटरनेटमध्ये अशी जीप चालते काय? चालते. तिची रीत अशी. तालुक्याच्या गावी जिथे जाड तार पोचली आहे तिथून घाऊक इंटरनेट विकत घ्यायचे. एका उंच जागेवर, पाण्याच्या टाकीवर म्हणा, टेकडीवर म्हणा, एक रेडिओ बसवायचा. समोरच्या गावात घराच्या माळवदावर ताटलीएवढी डिश त्या रेडिओकडे तोंड करून लावायची. मध्ये आडवे काही नसले तर दहा-पंधरा किलोमीटर सहज जाते. कडुनिंब किंवा चिंच मध्ये आली की अडते. मग शेजारच्या माळवदावरून वळसा द्यायचा. तार नाही, खांब नाही, खोदकाम नाही. लागते ते दोन गोष्टी: घाऊक माल रास्त भावाने मिळाला पाहिजे, आणि हवेतून जायला वाट मिळाली पाहिजे. या दोन गोष्टींचीच सगळी लढाई आहे. ती लढाई अमेरिकेतल्या खेड्यात तीस वर्षे चालू आहे, आणि तिच्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हवेतले गायरान

रेडिओच्या लहरी हवेतून जातात, पण हवा मोकळी नाही. कुठल्या पट्ट्यात कोणी बोलायचे हे जगभर सरकारे ठरवतात. चांगले पट्टे, म्हणजे दूर जाणारे आणि झाडाझुडपांतून, भिंतींतून पार होणारे, ते पोलिसांना, लष्कराला, टीव्हीला आणि पैसेवाल्या कंपन्यांना. काही पट्टे मात्र पडीक समजले जात. खाणे गरम करायची विजेची भट्टी, दवाखान्यातली यंत्रे यांचा गोंगाट तिथे इतका की कोणी विचारत नसे.

१९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हे पडीक पट्टे मोकळे केले. नियम एवढाच की आवाज मर्यादेत ठेवा आणि दुसऱ्याच्या गोंगाटाची तक्रार करू नका. परवाना नाही, फी नाही. थोडक्यात, हवेत एक गायरान सोडले. पुढे १९९७ साली आलेले वायफाय त्याच गायरानात वाढले. कोण्या मंत्र्याने योजना आखली म्हणून ते वाढले नाही. सरकारने हात काढून घेतला म्हणून वाढले. परमिट-कोट्याच्या राज्यात उभी हयात घालवलेल्या माणसांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात लॅरमी नावाचे गाव आहे. माळरान, गुरेढोरे, दूरदूरची घरे. तिथे १९९२ साली गावातल्याच लोकांनी लॅरिएट नावाने, नफ्याचा हेतू न ठेवता, आपल्यापुरते इंटरनेट आणले आणि लवकरच ते रेडिओवरून घरोघर पोचवले. जगातल्या अगदी पहिल्या अशा जाळ्यांत त्याची गणना होते. त्यानंतर मका-सोयाबीनच्या पट्ट्यात अशी शेकडो जाळी उभी राहिली. तिथे गावोगाव धान्य साठवायच्या उंच कोठ्या असतात. रेडिओ कोठीवर लावायचा, आणि कोठीवाल्या शेतकऱ्याला भाड्याच्या बदल्यात फुकट जोडणी. काही ठिकाणी तर मोठ्या कंपनीची वाट पाहून कंटाळलेल्या शेतकऱ्यांनीच हा धंदा काढला. २००४ साली या लहान चालकांनी आपली संघटनाही बांधली.

जाळी उभी राहिली, गिऱ्हाईक मिळाले, तेव्हा मोठ्यांचे लक्ष गेले. मोठ्याने धाकट्याला मारायच्या ज्या तऱ्हा तिथे दिसल्या त्या आता सांगतो. तुम्हाला त्या ओळखीच्या वाटतील.

पहिली तऱ्हा: पाटाच्या तोंडाशी बसणे

कालव्याच्या तोंडाशी ज्याचे रान, त्याचा ऊस. शेपटाकडच्याला पाळी आली तरी पाणी नाही. लहान इंटरनेटवाला घाऊक माल कोणाकडून घेतो? त्याच मोठ्या कंपनीकडून, जिच्याशी त्याची स्पर्धा. तार तिची. ती त्याला असा घाऊक भाव लावते की तो किरकोळीत विकूच शकत नाही.

१९९६ साली अमेरिकेत कायदा झाला की जुन्या टेलिफोन कंपन्यांनी आपल्या तारा स्पर्धकांना रास्त भावाने वापरू द्याव्यात. त्या काळात हजारो लहान कंपन्या गावोगाव इंटरनेट विकत होत्या. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, आयोगापुढे गेल्या. म्हणाल्या, आमच्या तारा दुसऱ्याला द्यायच्या तर आम्ही नव्या तारा कशाला टाकू? मुद्दा अगदीच खोटा नव्हता. २००५ साली आयोगाने टेलिफोनच्या तारेवरच्या वेगवान इंटरनेटसाठी ती सक्ती उठवली. तारेच्या भरवशावर जगणारे लहान बहुतेक संपले. ज्यांच्यापाशी स्वतःची हवेतली वाट होती ते टिकले. धडा एवढाच: दुसऱ्याच्या पाटावर ज्याचे रान अवलंबून, त्याला आपली विहीर पाहिजे.

दुसरी तऱ्हा: हर्रासाचा लॉट मोठा करणे

ही तऱ्हा नीट ऐका, कारण आपल्या देशात नेमकी हीच चालू आहे.

२०१५ साली अमेरिकेच्या आयोगाने हवेतला एक चांगला रुंद पट्टा उघडला. तिथे आधी नौदलाची रडारे चालत. नियम मोठा शहाणपणाचा केला. पाण्याच्या पाळीसारखे तीन हक्क ठेवले. पहिला हक्क नौदलाचा. दुसरा, हर्रासात पैसे भरून पाळी घेणाऱ्याचा. आणि जिथे वरचे दोघे वापरत नाहीत तिथे तिसरा हक्क कोणाचाही. पैसे भरून घ्यायच्या पाळीचा लॉट लहान ठेवला होता, जनगणनेच्या एका गटाएवढा. साऱ्या देशात असे ७० हजारांवर गट. मुदत ३ वर्षे. म्हणजे दोन-चार गावांपुरते जाळे चालवणारा माणूससुद्धा आपल्या गावांपुरती बोली लावू शकत होता.

मोठ्या मोबाईल कंपन्या पुढे आल्या. म्हणाल्या, एवढे तुकडे केले तर शेजारच्या तुकड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतील, हिशेब ठेवता येणार नाही, आणि ३ वर्षांच्या मुदतीवर पैसा कोण घालणार? लहान चालक ओरडत राहिले की लॉट मोठा झाला तर आम्ही बोलीच्या मांडवातही येऊ शकत नाही. २०१८ साली आयोगाने लॉट जिल्ह्याएवढा केला आणि मुदत १० वर्षे. ७० हजारांचे सव्वातीन हजारांच्या आत आले.

समजा, बाजार समितीने उद्या नियम केला की यापुढे बोली एका गाडीवर लागणार नाही, अख्ख्या तालुक्याच्या कापसावर एकदम लागेल. कायद्याने बोली सगळ्यांना खुली. पण मांडवात किती व्यापारी राहतील? दोन की तीन? आणि भाव कोण ठरवील? नियमात एका शब्दानेही लहान व्यापाऱ्याला बंदी घातलेली नाही. लॉटच बंदीचे काम करतो.

२०२० च्या उन्हाळ्यात हर्रास झाला. एकूण बोली सुमारे ४५८ कोटी डॉलरची. त्यात एकट्या व्हेरायझन कंपनीची १८९ कोटींची. जिंकणारे २२८ होते आणि त्यात काही लहानही होते हे सांगितले पाहिजे. तिसरा हक्कही शाबूत राहिला. न वापरलेली पाळी दुसऱ्याला वापरता येते, म्हणून लहानांचा सगळाच घास गेला नाही. 'वापर, नाहीतर दुसऱ्याला वापरू दे' हा नियम त्यांना तारून गेला. हे वाक्य आपल्या मागण्यांत पुन्हा येणार आहे.

तिसरी तऱ्हा: कागदावरची रेंज

आपल्याकडे मंडळात एका ठिकाणी पर्जन्यमापक असतो. त्याच्यावर पाऊस पडला की सगळ्या मंडळात पडला. तुमच्या रानात ढेकूळ भिजले नाही तरी कागद ओला. पैसेवारीची गंमत तर तुम्हाला नव्याने सांगायला नको.

अमेरिकेत इंटरनेटची पैसेवारी अशीच होती. जनगणनेच्या एका तुकड्यात एका घराला जरी कंपनी जोडणी देऊ शकत असली, तरी तो सगळा तुकडा 'सेवा मिळालेला' म्हणून रंगवायचा. खेड्यात हे तुकडे मैलोगणती पसरलेले. रस्त्याकडच्या एका घरामुळे आतली चाळीस घरे कागदावर सुखी झाली. अनेक वर्षे सरकारी मदत या नकाशावर वाटली गेली. अखेर २०२० साली कायदा करून घराघराचा नकाशा करायला लावला.

पुढे २०२१ साली तिथल्या सरकारने खेड्यांत इंटरनेट पोचवण्यासाठी ४,२४५ कोटी डॉलरची योजना केली. तिचे नियम झाले तेव्हा गायरानातल्या लहरींवर चालणारी सेवा विश्वासार्ह धरायची नाही असे ठरले. म्हणजे लहान चालकाने दहा वर्षे राबून ज्या घरांना जोडणी दिली, ती घरे कागदावर जोडणीविना. आणि तिथेच त्याच्या डोक्यावर दुसरा स्पर्धक सरकारी पैशाने आणून बसवायची सोय. हे नियम जून २०२५ मध्ये बदलले. पण आपण तिथे आधीच सेवा देतो, पुरावा द्यायला तयार आहोत, हे कळवायला मुदत दिली सात दिवसांची! पीक नुकसानीची सूचना बहात्तर तासांत द्यायला धावलेल्या माणसाला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

अनुदान हे असे असते. ते दुबळ्याच्या नावाने निघते आणि ज्याच्याकडे अर्ज भरायला वकील आहे त्याच्या घरी जाते.

धाकटा म्हणून पवित्र नव्हे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर लहान ते सगळे चांगले असा भोळा समज घेऊन तुम्ही घरी जाल. सहकाराच्या नावाने काय काय झाले हे पाहिलेल्या जिल्ह्यात तो समज परवडणारा नाही.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या आयोगाने खेड्यांतल्या इंटरनेटसाठी उलटा हर्रास केला. जो कमीत कमी मदतीत काम करतो म्हणेल त्याला काम. १० वर्षांत द्यायचे सुमारे ९२० कोटी डॉलर. त्यात सगळ्यांत मोठा हिस्सा कोणाला गेला? एलटीडी ब्रॉडबँड नावाच्या एका लहान बिनतारी कंपनीला. १५ राज्ये, १३२ कोटी डॉलर. एवढ्या घरांना तारेने जोडायची तिची ऐपत आहे काय, हा प्रश्न बोली लागल्यावर विचारला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयोगाने तिचा अर्ज फेटाळला. त्याच दिवशी उपग्रहावाल्या स्टारलिंकचे सुमारे ८८ कोटी डॉलरही नाकारले. पैसे वाचले खरे, पण ज्या खेड्यांच्या नावाने ती बोली लागली होती त्यांची दीड वर्षावर वाट पाहण्यात गेली. एक एकर पेरायची ज्याची बैलजोडी त्याने शंभर एकर बटाईने घेतले, तर नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही. रान पडीक राहते.

लहान टिकतो तो गिऱ्हाईक ओळखीचे असते म्हणून, रात्री तार तुटली तर सकाळी शिडी लावतो म्हणून. अनुदानाच्या मागे लागून तो मोठा व्हायला गेला की मोठ्याचे सगळे दुर्गुण येतात आणि भांडवल मात्र येत नाही.

आपल्याकडचा हिशेब

आता आपल्या दारात येऊ.

आपल्याकडे १८८५ सालच्या इंग्रजी कायद्याने तार आणि टेलिफोन हा सरकारचा मिरासी हक्क होता. कापूस एकाधिकारात शेतकऱ्याने आपला कापूस सरकारखेरीज कोणाला विकायचा नाही, तसे यात कोणी दुसऱ्याशी तारेने बोलायचे तर सरकारमार्फत. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. वाक्य फार चांगले. पण मालक जनता असली तरी हर्रास करायचा अधिकार सरकारच्या हाती, आणि लॉट केवढा ठेवायचा तेही सरकारच ठरवणार.

तो लॉट केवढा आहे? साऱ्या देशाचे २२ तुकडे. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा मिळून एक तुकडा! चंद्रपूरपासून पणजीपर्यंत एक लॉट. अमेरिकेतले लहान चालक जिल्ह्याएवढ्या लॉटमुळे रडले. आपल्याकडे जिल्हा हा शब्दच हर्रासाच्या मांडवात नाही. यवतमाळच्या किंवा परभणीच्या इंजिनिअर झालेल्या पोराने चार गावांना इंटरनेट द्यायचे म्हटले, तर चांगल्या लहरींसाठी त्याने आधी गोव्यासकट महाराष्ट्र विकत घ्यावा!

२०१० साली बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा हर्रास झाला. इन्फोटेल नावाची एक लहान कंपनी बोलीला उभी राहिली आणि २२ च्या २२ तुकडे जिंकली. किंमत १२,८४८ कोटी रुपये. कोणाला वाटेल, बघा, धाकट्याने बाजी मारली. हर्रास संपला त्याच दिवशी रिलायन्सने ती कंपनी घेत असल्याचे जाहीर केले. त्या लहरींवर पुढे जिओ उभी राहिली.

जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि मार्च २०१७ पर्यंत फुकट चालली. इंटरनेटचा भाव कोसळला. त्याने तुमचा-आमचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. आज आपल्या हातात जे इंटरनेट आहे ते त्या स्पर्धेमुळे. पण स्पर्धा संपली कधी तेही पाहा. पाच-सहा वर्षांत डझनभर कंपन्यांच्या जागी तीन खासगी आणि एक सरकारी उरली. आणि मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४, अशी तीनदा दरवाढ झाली, ती खासगी कंपन्यांनी एकामागोमाग एक, काही दिवसांच्या अंतराने केली. जिनिंगवाला पहिल्या वर्षी बाजारापेक्षा शंभर रुपये चढा भाव देतो, खेडा खरेदीवाले बुडतात, आणि मग तो कसा वागतो हे आपण पाहिले आहे. इथे भाव घ्यायचा नाही, द्यायचा आहे, एवढाच फरक.

सरकारने काही केले नाही असे नाही. कंपन्यांच्या उत्पन्नातून खेड्यांच्या नावाने ५ टक्के वसुली होते. त्या पैशातून २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत तार न्यायची योजना मंजूर झाली. तिला आज भारतनेट म्हणतात. अडीच लाख ग्रामपंचायतींचे लक्ष्य. २०२३ साली तिच्यावर आणखी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. ज्यांच्या ग्रामपंचायतीत त्या योजनेची पेटी आहे त्यांनी हात वर करा. ठीक. आता ती पेटी काल ज्यांनी चालू पाहिली तेवढेच हात वर ठेवा. आकडे आम्ही सांगायची गरज नाही; आजूबाजूला पाहून घ्या.

आपल्याकडे हवेतले गायरानही आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. जानेवारी २००५ मध्ये वायफायचा एक पट्टा परवान्यातून मोकळा झाला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दुसरा मोठा पट्टा. पहिला पट्टा सुटताच हिमाचलमध्ये धरमशाळेच्या डोंगरात एअरजल्दी नावाने जाळे उभे राहिले आणि पुढे दुसऱ्या राज्यांतही गेले. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात अरविंद नेत्र रुग्णालयाने अशाच लांब पल्ल्याच्या वायफायने खेड्यांतली तपासणी केंद्रे जोडली. म्हातारी माणसे आपल्या गावाजवळ बसून डॉक्टरला डोळे दाखवू लागली. डोंगरात आणि तामिळनाडूत जे झाले ते आपल्या माळावर होणार नाही असा काही शाप नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना आणली. किराणा दुकानदाराने किंवा पानटपरीवाल्याने परवाना न घेता, फी न भरता वायफाय विकावे. कल्पना चांगली. पण दुकानदार घाऊक माल आणायला गेला तर त्याला कारखानदाराचा भाव सांगायचे. पाटाच्या तोंडाचीच गोष्ट. एक कोटी ठिकाणांचे स्वप्न होते. २०२४ संपताना आकडा दोन लाखांच्या आसपास. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामकाने ठरवले की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त भाव अशा दुकानदाराला लावायचा नाही. उशिरा का होईना, वाट थोडी मोकळी झाली. पण टपरीचे वायफाय पारापर्यंत पोचते. शिवारात पोचवायचे तर लांब पल्ल्याच्या लहरी पाहिजेत, आणि त्या गोव्यासकटच्या लॉटमध्ये अडकल्या आहेत.

मागायचे काय

आम्ही तुमच्यापुढे पाच मागण्या ठेवतो. यात कुठेही खैरात मागितलेली नाही.

एक. हवेच्या हर्रासात काही लॉट तालुक्याएवढे ठेवा. मोठ्याने सगळा महाराष्ट्र घ्यावा, आमची ना नाही. पण चार गावांपुरते मागणाऱ्याला मांडवात येऊ द्या.

दोन. वापर, नाहीतर दुसऱ्याला वापरू दे. न वापरलेल्या लहरी परत घेण्याचा अधिकार २०२३ च्या कायद्याने सरकारकडे आहे. ज्या तालुक्याच्या आतल्या भागात कंपनी लहरी घेऊन नुसती बसली आहे, तिथे तो अधिकार वापरा आणि स्थानिकाला वापरू द्या.

तीन. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार आमच्या नावाने वसूल केलेल्या पैशाची आहे. ती कोणालाही, जाहीर केलेल्या एकाच भावाने, घाऊक मिळाली पाहिजे. भावाचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

चार. रेंज शिवारात मोजा. ग्रामपंचायतीच्या दारात उभे राहून गावाला सेवा मिळाली असे लिहू नका. जिथे रेंज नाही तिथे ई-पीक पाहणीची किंवा कापूस नोंदणीची मुदत संपली म्हणून शेतकऱ्याला बाद करू नका. आणि अ‍ॅपची सक्ती असेल तर कागदावर नोंद करून घ्यायची सोयही असली पाहिजे.

पाच. मोठ्याला अनुदान नको आणि लहानालाही नको. वाट मोकळी ठेवा, घाऊक भाव उघडा ठेवा, बाकी आमचे आम्ही पाहू.

आता आपल्याकडे काय आहे तेही सांगतो, कारण नुसते मागून काही होत नाही. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या खेड्यांत २००४ सालापासून गुईफी नावाचे जाळे लोकांनी वाढवत नेले. आज त्याची तीस हजारांवर ठाणी आहेत. प्रत्येकाने आपल्या माळवदावरचा रेडिओ शेजाऱ्याला वाट म्हणून खुला ठेवायचा, हा त्यांचा करार. त्या सामाईक वाटेवर लहान लहान धंदेवाले आपापली सेवा विकतात. आपल्याकडे पांदणीचा रिवाज आहेच: पांदण कोणा एकाची नसते, पण तिच्यावरून प्रत्येकाची बैलगाडी जाते.

तेव्हा ज्या गावात पोरांची तयारी असेल तिथे आधी पुढच्या गोष्टी तपासा. जवळच्या कोणत्या गावात घाऊक जोडणी मिळते आणि कोणत्या भावाने. उंच जागा कोणाची. भारनियमनात रेडिओ चालवायला बॅटरी आणि सोलर पत्र्याचा खर्च किती. विजा कडाडतात त्या दिवसांत यंत्र जळले तर पैसे कोण भरणार. इंटरनेट विकायचे तर कोणती नोंदणी लागते. दरमहा पैसे भरणारी घरे खरोखर किती. हात वर करणारी किती हे नव्हे. हा हिशेब जमला तर पुढे पाऊल टाका. नाही जमला तर टाकू नका. दुसऱ्या कोणाचा जमेल.

भावांनो, कापसाचा एकाधिकार होता तेव्हा आपल्याला सांगत, हे तुमच्या भल्यासाठी आहे. भले कोणाचे झाले ते आदिलाबादकडे रात्री बैलगाड्या नेणाऱ्यांनी पाहिले. एकाधिकार सरकारचा असो की दोन-तीन कंपन्यांचा, विकणाऱ्याला गिऱ्हाईक एक आणि घेणाऱ्याला दुकान एक राहिले की त्याचा निकाल ठरलेला असतो. आपण आजवर दुसरे गिऱ्हाईक मागत आलो. आता दुसरे दुकानही मागायचे आहे.

या पाच मागण्यांचा ठराव आता सभेपुढे येईल. तो मंजूर झाल्यावर प्रत्येक गावच्या शाखेने ग्रामसभेत मांडावा, आणि आपल्या शिवारात कोणत्या गट नंबरात रेंज आहे नि कोणत्यात नाही याची यादी करून पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. सरकारचा नकाशा सरकारपाशी राहू द्या. आपला नकाशा आपण करू, आणि तो घेऊनच तहसीलच्या दारात बसू.

जय किसान!